मिसिंग करणारं, ऑइल खाणारं इंजिन: कोणत्या नंबरचा प्लग काळा पडलाय ते आधी बघा

पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअपच्या दोन तक्रारी बरेचदा जोडीनं येतात. सकाळी गाडी चालू केली की इंजिन थरथरतं, एखादा सिलिंडर मारत नाहीये, म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, हे स्टीअरिंगवरच्या हातालाही कळतं. हायवेला लागून पाच-दहा मैल झाले की सगळं सुरळीत, आणि गॅरेजमध्ये नेली तर गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. दुसरीकडे डिपस्टिकवरची ऑइलची पातळी महिन्यागणिक खाली सरकत असते, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. मालक या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून सांगतो, मेकॅनिकही त्या वेगळ्याच लिहून घेतो. मिसिंगसाठी ठिणगी पाडणारे प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या कॉइल बदलल्या जातात. ऑइलबद्दल "जुनी गाडी आहे, थोडं खाणारच" असं उत्तर मिळतं. माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तपासही एकत्रच करावा. मिसिंग करणारा सिलिंडर कोणता हे पक्कं कळलं, की ऑइल कुठून जातंय याचा निम्मा शोध तिथेच लागतो.

हे समजून घ्यायला एक इंजिन फार सोयीचं आहे: जनरल मोटर्सचं ५.३ लिटरचं, आठ सिलिंडरांचं व्ही-८. २००७ ते २०१३ या काळातल्या शेवरले सिल्व्हराडो १५०० आणि जीएमसी सिएरा या पिकअपमध्ये आणि टाहो, सबर्बन, युकॉन या मोठ्या गाड्यांमध्येही ते बसवलेलं आहे. अमेरिकेत सेकंडहँड पिकअप घेणाऱ्या कुणाच्याही समोर हे इंजिन आज ना उद्या येतंच, त्यात तिथली आपली मराठी मंडळीही आली. त्याचा आजार इतका ओळखीचा झालाय, की कंपनीनं स्वतः त्यावर डीलरांना तांत्रिक पत्रक काढलं आणि पुढे प्रकरण कोर्टातही गेलं.

या इंजिनात पेट्रोल वाचवण्याची एक यंत्रणा आहे, ॲक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट. गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायानं चाललेली असते तेव्हा आठही सिलिंडरांची गरज नसते. म्हणून कॉम्प्युटर १, ४, ६ आणि ७ हे चार सिलिंडर बंद करतो. बंद करतो म्हणजे काय, तर त्यांच्या लिफ्टरना, म्हणजे हायड्रॉलिक टॅपेटना, ऑइलचं प्रेशर देतो. त्या प्रेशरनं आतल्या छोट्या पिना दबतात, लिफ्टर पोकळ होऊन व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमचा धक्का स्वतःच गिळतो, आणि व्हॉल्व उघडतच नाहीत. पॅडल दाबलं की प्रेशर काढून घेतलं जातं, पिना परत बाहेर येऊन अडकतात आणि सिलिंडर कामाला लागतो. थोडक्यात, या इंजिनात ऑइल नुसतं वंगण नाही, ते स्विचचंही काम करतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता मिसिंग कळतं कसं ते बघू. व्ही-८ इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दर ९० अंश फिरला की एका सिलिंडरचा जोर लागतो. एखादा सिलिंडर पेटला नाही तर तेवढ्या तुकड्यात क्रँकचा वेग किंचित पडतो. क्रँक सेन्सर हा फरक पकडतो, आणि त्या क्षणी पाळी कुणाची होती यावरून कॉम्प्युटर सिलिंडर ठरवतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना ही व्यवस्था सक्तीची आहे. पी०३०० हा कोड म्हणजे मिसिंग कुठे एका जागी नाही. पी०३०१ ते पी०३०८ म्हणजे शेवटच्या आकड्याचा सिलिंडर दोषी. चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर काही दिवसांत बघितलं तरी चालतं. तो लुकलुकायला लागला तर मात्र पाय लगेच हलका करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं, आणि तो आतून वितळला तर मूळ दुरुस्तीपेक्षा मोठं बिल त्याचंच होतं.

दिवा लागला नसला तरी तपास अडत नाही. मधूनच येणाऱ्या मिसिंगची नोंद कॉम्प्युटर सिलिंडरवार ठेवत असतो. फोनला जोडता येणाऱ्या स्वस्त स्कॅनरवरही मोड ६ उघडलं, की कोणत्या सिलिंडरनं किती वेळा दगा दिला ते आकडे दिसतात. कोड पडला असेल तर त्यासोबत फ्रीझ फ्रेमही साठवलेली असते: त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, लोड किती, पाणी किती तापलेलं, गाडीचा वेग किती. कोड पुसण्याआधी ही माहिती लिहून घ्या किंवा फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये पोहोचताच कोड पुसून "आता बघू परत येतो का" म्हणणं म्हणजे हातातला सगळ्यात चांगला पुरावा टाकून देणं आहे. इंजिन थंड असताना, आयडलिंगवर मिसिंग असेल तर एक दिशा. गरम झाल्यावर चढावर लोड आला की होत असेल तर दुसरी. साठच्या वेगानं हलक्या पायानं जाताना झटका बसत असेल तर तिसरी.

या तिन्हींपैकी ऑइलशी सगळ्यात जवळचं नातं पहिल्या प्रकाराचं. प्लगच्या टोकाला चिनी मातीचा पांढरा भाग असतो. त्यावर ऑइलचा आणि काजळीचा थर बसला की वीज टोकाच्या गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून सरपटत इंजिनाच्या धातूला मिळते, आणि ठिणगी पडत नाही. गाडी हायवेला पळाली, प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की थर जळून जातो आणि प्लग पुन्हा मारायला लागतो. म्हणून सकाळी मिसिंग आणि दुपारी गाडी ठणठणीत. भुताटकी काही नाही, टोकाचं तापमान आहे.

म्हणून पहिलं काम प्लग काढण्याचं. प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम हेडमधून प्लग काढताना आटे बिघडू शकतात. आठही प्लग काढून एका पुठ्ठ्यावर नंबरानुसार मांडा. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८. सातवा अगदी मागे, कॅबच्या भिंतीजवळ, हात घालायला अडचणीचा असतो; त्यामुळे घाईतला माणूस तोच सोडून देतो, आणि या इंजिनात नेमका तोच सगळ्यात जास्त बोलतो. निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी, कोरडं दिसतं. पेट्रोल जास्त होत असेल तर काजळी मऊ, कोरडी, बोटाला पावडरसारखी लागणारी. ऑइल येत असेल तर काळा थर ओला आणि चकाकणारा, बोट फिरवलं तर चिकट. बरेच महिने ऑइल जळत असेल तर बाजूच्या इलेक्ट्रोडवर करड्या-पांढऱ्या राखेचे खडे धरलेले दिसतात, नखानं उकरले तर तुटतात. आणि एखादा प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ, धुतल्यासारखा निघाला, तर तिथे पाणी जातंय का ते बघा.

आठपैकी सहा प्लग फिकट आणि १ व ७ ओले काळे, असं चित्र दिसलं तर तपासाचा मोठा टप्पा पार पडला. आठही सारखेच काळे असतील तर कारण सगळ्या सिलिंडरांना समान असणारं काहीतरी आहे.

इथे एक सापळा आहे आणि त्यात मालक आणि मेकॅनिक दोघंही प्रामाणिकपणे अडकतात. नवे प्लग टाकले की मिसिंग जातं. सगळे खूश. पण ऑइल येतच असतं, आणि काही आठवड्यांनी नवा प्लगही तसाच काळा होतो. मग कॉइल बदलली जाते, त्यासोबत परत प्लगही बदलला जातो, परत महिनाभर बरं. अशा रीतीनं पैसे जातात आणि प्रत्येक वेळी "शेवटी सापडलं" असं वाटत राहतं. प्लग बदलल्यावर सुधारणा झाली, एवढ्यानं प्लग हेच कारण होतं असं सिद्ध होत नाही. हजार मैलांनी तोच प्लग पुन्हा काढून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

कॉइलचा संशय फेडणं सोपं आहे. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे आणि तिथून प्लगपर्यंत आखूड वायर. सातची कॉइल पाचला लावा, पाचची सातला. वायर आणि प्लग जागच्या जागी ठेवा. आता मिसिंग पाचवर गेलं तर कॉइल गेली. सातवरच राहिलं तर कॉइल निर्दोष. मग वायर, मग प्लग, हीच अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू हलवायची आणि त्यानंतर ज्या परिस्थितीत मिसिंग येतं त्याच परिस्थितीत गाडी चालवायची, रात्रभर थंड ठेवून सकाळी. घाई केली तर मधूनच येणारा दोष हाताशी लागत नाही.

सिलिंडरच्या नंबरावरून आणखी एक गोष्ट कळते आणि मला वाटतं या इंजिनाच्या तपासातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. मिसिंग २, ३, ५ किंवा ८ वर असेल तर ते सिलिंडर बंद होणाऱ्यांपैकी नाहीत. तिथे आधी साधी कारणं बघा, म्हणजे प्लग, वायर, कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) गास्केटमधून हवा खेचणं. ४ किंवा ६ वर असेल, प्लग कोरडा असेल आणि वरून टिक-टिक आवाज येत असेल, तर लिफ्टरवर संशय घ्या. १ आणि ७ वर दोन्ही शक्यता खुल्या राहतात: ऑइलनं माखलेला प्लग किंवा अडकलेला लिफ्टर. त्यांच्यातला फरक कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं, सांगते.

सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टरचे चार-पाच झटके मारायचे. कोणताही सिलिंडर १०० पीएसआय (दाबाचं एकक) च्या खाली नको आणि सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७० टक्क्यांपेक्षा खाली नको, असा या इंजिनाचा नियम आहे. लिफ्टर बंद अवस्थेतच अडकला असेल तर इनटेक व्हॉल्व उघडत नाही, सिलिंडरमध्ये हवाच येत नाही, आणि गेजचा काटा पहिल्या झटक्याला जरासा हलून तिथेच बसतो. हे एकदा बघितलं की विसरत नाही.

पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून "रिंगा ठीक आहेत" असं म्हणू नका. ही फार पसरलेली गैरसमजूत आहे. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः जळत्या वायूचं प्रेशर धरतात. तिसरी, सगळ्यात खालची, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल काचेवरच्या वायपरसारखं पुसून खाली ढकलते. या ऑइल रिंगच्या मागच्या खाचेत भोकं असतात. तिथे कार्बन साचला की पुसलेलं ऑइल परत जायला वाट राहत नाही, रिंग खाचेत चिकटून बसते आणि भिंतीवर ऑइलची जाड फिल्म मागे सोडते. वरच्या दोन रिंगा शाबूत असतील तर अशा सिलिंडरचं कॉम्प्रेशन अगदी छान येतं, उलट ऑइलच्या फिल्ममुळे कधी जरा जास्तच येतं. म्हणजे गेज म्हणतं सगळं उत्तम, आणि प्लग म्हणतो मी ऑइलमध्ये बुडालोय. अशा वेळी प्लगवर विश्वास ठेवा. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघता आला तर आणखी बरं: ऑइल रिंगवरून येत असेल तर माथ्याच्या कडेला गोल ओला पट्टा दिसतो, व्हॉल्वच्या सीलमधून येत असेल तर इनटेक व्हॉल्वच्या मागच्या बाजूला जाड काळे थर धरलेले दिसतात.

धूर बघायचा तर वेळेप्रमाणे बघा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व सील. जोरात रेस देताना सतत निळसर, तर रिंगा. लांब उतारावर पाय काढून आल्यावर पुन्हा पॅडल दाबताच धूर, तर सील किंवा व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी, गाइड. मात्र धूर दिसला नाही म्हणून ऑइल जळत नाही असं नाही; कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर पोटात घालतो आणि त्या बदल्यात स्वतः हळूहळू निकामी होतो.

ऑइल जाण्याची या इंजिनातली खास वाट कंपनीनंच सांगितलेली आहे. २०१० च्या १०-०६-०१-००८ या पत्रकात दोन कारणं दिली आहेत. एक, ड्रायव्हरच्या बाजूच्या रॉकर कव्हरमधून, म्हणजे हेडवरच्या झाकणातून, क्रँककेसची (क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीतली) वाफ इनटेककडे खेचली जाते, तिच्याबरोबर ऑइलही खेचलं जातं. दुसरं, सिलिंडर बंद करण्याच्या यंत्रणेचं जादा प्रेशर सोडणारा जो व्हॉल्व खाली ऑइल चेंबरमध्ये आहे, तो ऑइलचा फवारा क्रँककेसमध्ये उडवतो. बराच वेळ जास्त फेऱ्यांवर गाडी चालली तर फवारा वाढतो, रिंगांच्या खाचेत थर साचतात, ऑइल जायला लागतं आणि १ किंवा ७ चा प्लग माखतो, कधी त्याची चिनी माती तडकते. सातचा प्लग काळा का, याचं उत्तर हे असं लेखी आहे.

उपायही त्याच क्रमानं आहेत. रॉकर कव्हर नव्या रचनेचं बसवायचं, आतले ऑइल परत जाण्याचे मार्ग बदललेलं. ऑइल चेंबर उतरवून त्या व्हॉल्ववर पत्र्याचं छोटं आवरण लावायचं. पिस्टनच्या डोक्यावर क्लीनर ओतून काही तास मुरू द्यायचं, मग शोषून काढून ऑइल आणि फिल्टर बदलायचा. हे सगळं करूनही ऑइल जात राहिलं तर पिस्टन आणि रिंगा, म्हणजे पूर्ण इंजिन काम. कव्हरची तपासणी घरीही होते: कव्हरपासून इनटेकला जाणारी नळी काढून आत बोट फिरवा, थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) मागे टॉर्चनं बघा. हलका ओलावा चालतो. ऑइल साचलेलं दिसलं तर वाट सापडली.

हे सगळं करण्याआधी ऑइल खरंच किती जातंय ते मोजलेलं असावं. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, डिपस्टिक पुसून परत बुडवून वाचन. फुल खुणेपर्यंत भरा, मीटरचं रीडिंग लिहा, आणि दर टाकी भरताना तपासा. मागच्या बाजूला प्रेशर सेन्सरभोवती, चेंबरच्या गास्केटला, कूलरच्या पाइपांना गळती नाही ना तेही बघून घ्या. चालत्या गाडीत गळलेलं ऑइल वाऱ्यानं मागे पसरतं, जमिनीवर पडत नाही. जनरल मोटर्स २,००० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे ३,२०० किलोमीटरला साधारण एक लिटर, हे चालण्यासारखं मानते. माझ्या मते ही मर्यादा फार सैल आहे. इंजिनात ऑइल बसतं सहा क्वार्ट. या हिशेबानं ७,५०० मैलांवर ऑइल बदलायला नेणाऱ्यानं मधे एकदाही डिपस्टिक काढली नाही, तर चेंबरमध्ये सव्वादोन क्वार्ट उरतं. आणि मघाशी सांगितलं तसं या इंजिनात लिफ्टरचा स्विच ऑइलवर चालतो. ऑइल कमी, त्यात हवेचे बुडबुडे, प्रेशर डगमगतं, पिना अर्धवट अडकतात, लिफ्टर झिजतो, कॅमला घासतो. ऑइल खाण्यापासून सुरू झालेली गोष्ट अशी खऱ्या यांत्रिक मिसिंगपर्यंत जाते, आणि तिथे हेड उतरवण्यावाचून इलाज नाही.

कोर्टातलं प्रकरण २०११ ते २०१४ च्या गाड्यांमधल्या एलसी९ या ५.३ लिटर इंजिनाचं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीनं मालकांच्या बाजूनं निकाल दिला: सुमारे ३८,००० मालकांना प्रत्येकी २,७०० डॉलर, एकूण १०.२६ कोटी डॉलर. इतकी वर्षं "थोडं खाणारच" हे ऐकत आलेल्या माणसांना त्या निकालाचं मोल पैशापलीकडचं वाटलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

सिलिंडर बंद होऊच नयेत म्हणून स्टीअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटमध्ये लावायचं एक छोटं उपकरण मिळतं. ते लावलं की गाडी कायम आठ सिलिंडरांवर चालते. पेट्रोल थोडं जास्त जातं, पण लिफ्टरची ये-जा थांबते. तपासातही त्याचा उपयोग होतो: हलक्या पायानं जातानाचा झटका उपकरण लावल्यावर गेला, तर दोष त्या यंत्रणेतच आहे. चिकटलेल्या रिंगा मात्र यानं सुटत नाहीत.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचे बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे वरचं प्लगचं पुराण त्यांना लागू नाही. सीएनजीवरच्या छोट्या ट्रकना मात्र पद्धत जशीच्या तशी लागू पडते. त्यात आणखी एक सोय आहे: गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमकुवत कॉइल किंवा माखलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल, तर प्लग आणि कॉइलपासून सुरुवात करा, गॅस किटवाल्याकडे नंतर जा.

आणि कुणी ५.३ ची जुनी सिल्व्हराडो घ्यायला निघालं असेल, तर विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटला हात लावून बघा. डिपस्टिक आधी, चावी नंतर. पातळी खुणेखाली असेल तर पुढचे प्रश्न जरा जास्त खोलात विचारा. सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा, पहिल्या मिनिटाची टिक-टिक ऐका, मोड ६ मधले आकडे वाचा, रॉकर कव्हर बदललंय का आणि व्हॉल्ववर आवरण लावलंय का याची पावती मागा. आणि विकणारा तयार असेल तर सातवा प्लग काढून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, हात थोडा खरचटतो.